समासातल्या रेघा

शाळेत माझ्या अक्षराला बक्षीस मिळालं होतं. तालुक्याच्या हस्ताक्षर स्पर्धेत पहिला नंबर, आणि बक्षीस म्हणून एक स्टीलचा डबा. तो डबा अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे, जिऱ्यासाठी वापरते. पुढं सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांची कार्डं लिहिण्यात गेली, तीही या अक्षराच्या जोरावर. लोक अजून म्हणतात, बाई, तुमचं अक्षर म्हणजे अगदी छापल्यासारखं. मी बरं म्हणते आणि विषय बदलते, कारण याच अक्षरानं पंधराव्या वर्षी मी सगुणाआत्याच्या चार चाली कायमच्या घालवल्या. आमच्या नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात हे चार शब्दांत लिहिलेलं आहे. तिथं जागाच तेवढी होती. इथं जागा आहे, म्हणून सविस्तर सांगते.

तेव्हा आम्ही लोहाऱ्यात राहत होतो. आज जिथं तहसील कचेरी आहे तिच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी. दादा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. माय सरकारी दवाखान्यात आया होती. घरातलं तिसरं मोठं माणूस म्हणजे सगुणाआत्या, दादांची थोरली बहीण. तिला नवऱ्यानं टाकलं होतं आणि मी चालायला लागायच्या आधीपासून ती आमच्याकडं होती. माय सकाळी ड्युटीला गेली की घर आत्याच्या ताब्यात यायचं. ज्वारीच्या भाकरी, येसराची आमटी, अंबाडीची भाजी आणि शेंगाचटणी. चटणी ती उखळात कुटायची, आणि तेल सुटल्याशिवाय मुसळ खाली ठेवायची नाही. सकाळी आधी गिरणीचा पट्टा सुरू व्हायचा, मग चौकातले जीपवाले ‘सास्तूर, सास्तूर’ करून ओरडायला लागायचे, मग शाळेची घंटा. या सगळ्यांच्या मधून आत्याच्या मुसळाचा ठेका चालू असायचा. ठेका हा शब्द मी आता वापरते आहे. त्या वेळी मला तो नुसता आवाज वाटायचा.

दादांना जुन्या गाण्यांचे कागद जमवायचा नाद होता. माय त्याला रद्दीचं याड म्हणायची. रविवारी ते सायकलच्या हँडलला रेक्झिनची पिशवी अडकवून निघायचे आणि संध्याकाळी पिशवी फुगवून परत यायचे. तिच्यात काय नसायचं? गायन पार्ट्यांच्या वह्या, जयंतीच्या कार्यक्रमांची गुलाबी-पिवळी हँडबिलं, सोलापूरच्या थेटरात मिळणाऱ्या सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या, कव्वालीच्या मुकाबल्याचं फाटकं पोस्टर, पेटी दुरुस्तीची पावती सुद्धा. नळदुर्गच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या एका चाचांनी आपली सरगमची वही दिली होती. ती सगळी उर्दूत होती, तेव्हा दादा तिथल्याच एका म्हाताऱ्या मुन्शींकडे चार रविवार बसून ती वाचून घेत होते. लोक कागद सहज देऊन टाकायचे. ज्यावर गाणं लिहिलंय ते जाळायला मन होत नाही आणि ठेवायला घरात जागा नाही, अशी सगळ्यांचीच अडचण असायची. दादा ती अडचण सायकलवर घालून आमच्या घरी आणायचे. पडवीत दोन लोखंडी ट्रंका भरल्या, तिसरी आली, तेव्हा माय म्हणाली, “आता मला बी नंबर घाला आन् ट्रंकंत ठिवा.”

नंबर घालायचं काम माझं होतं. दादांनी एक जाडजूड नोंदवही केली होती आणि तिच्यात पट्टीनं रकाने आखले होते. अनुक्रम, गाव, वही कुणाची, गाण्याची पहिली ओळ, चाल, कर्ता आणि शेवटी शेरा. कर्त्याचा रकाना सोपा होता. आमच्याकडच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गुंफायची रीत आहे, त्याला छाप म्हणतात. छापेतलं नाव वाचायचं आणि लिहायचं. चालीचा रकाना त्याहून सोपा. गायन पार्टीवाले गाण्याच्या डोक्यावर चाल लिहून ठेवतात, म्हणजे एखाद्या सिनेमातल्या गाण्याची सुरुवातीची ओळ. ती वाचली की गाणाऱ्याला कळतं, हे शब्द कुठल्या सुरावर म्हणायचे. पण अधूनमधून एखाद्या गाण्यावर नुसतं लिहिलेलं असायचं, ‘चाल स्वतंत्र’. म्हणजे ही चाल उसनी नाही, पार्टीतल्याच कुणीतरी बांधलेली आहे. असं गाणं आलं की दादांचा चेहरा पडायचा. ते पेटी वाजवत, त्यांना सूर कळत होते, पण जी चाल कुठं ऐकलीच नाही ती पेटीवर तरी कशी काढणार? “ह्या गाण्याचे शब्द राहतील गं,” ते म्हणायचे, “पण म्हणून दाखवणारं माणूस गेलं की गाणं गेलं.” आणि मग पुढच्या रविवारी असं माणूस शोधायला निघायचे. कधी सापडायचं. बरेचदा सहा महिने उशीर झालेला असायचा.

असं माणूस आमच्याच घरात भाकरी थापत होतं, हे आम्हाला माहीत होतं आणि नव्हतंही. आत्या लग्नाआधी सास्तूरच्या गायन पार्टीत होती. ही पार्टी ग्यानबा उस्तादांची. आम्ही मूळचे सास्तूरचेच. धम्मदीक्षेनंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही माणसं बैलगाडीनं गावोगाव जायची आणि शाळा शिका, पोरी शिकवा, असं गाण्यातून सांगायची. आत्या कोरसमध्ये उभी राहायची एवढंच मी ऐकलं होतं. दादा त्या वेळी लहान, नळदुर्गला बोर्डिंगात, म्हणून त्यांनीही ते काही पाहिलं नव्हतं. लग्नानंतर सासरच्यांनी तिचं गाणं बंद केलं, आणि नवऱ्यानं टाकल्यावरही ते बंदच राहिलं. गल्लीत बारसं असो, जयंती असो, सगळ्या बाया गायच्या आणि आत्या मागं भिंतीला टेकून टाळ्या वाजवायची. कुणी फारच आग्रह केला तर म्हणायची, “म्या सासरी ठिवून आले बगा गाणं. आता कोण जातंय आणाया.” ती निरक्षर होती. दादांनी तिला सही शिकवली होती, तेवढीच.

मी दहावीला जायच्या उन्हाळ्यात ग्यानबा उस्ताद वारले. निरोप आला तसे दादा आणि आत्या जीपनं सास्तूरला गेले. दादा दुसऱ्या दिवशी परत आले, आत्या तिथंच राहिली, उस्तादांच्या बायकोजवळ बसायला. दादांच्या पिशवीत लाल कापडाची उभी वही होती, सुतळीनं शिवलेली. सास्तूरच्या पार्टीची ही मूळ वही. दादा ती पाच-सहा वर्षं मागत होते आणि उस्ताद हसून नाही म्हणत होते. त्यांनी हातातली वही सोडली नाही याला कारण होतं. त्या पार्टीत रीत होती की गाणाऱ्याची वही त्याच्याबरोबर द्यायची. जलदान विधीच्या दिवशी रक्षा आपल्याच रानात खड्ड्यात ठेवायची, वर वही ठेवायची, माती लोटायची आणि तिथं झाड लावायचं. उस्तादांच्या मुलानं, उत्तमभाऊंनी, दादांना सांगितलं होतं, “मास्तर, आट दिवसांत उतरून घ्या. आठव्या दिवशी वही मातीत जाणार. बापाचं मन मोडता येत न्हाय.” दादांची शाळेची कामं चालू होती. त्यांनी वही माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, “तुझ्याइतकं चांगलं कोण उतरवणार?”

त्या आठवड्याइतकी खूश मी क्वचितच झाले असेन. नवी दोनशे पानी वही, निळी शाई, आणि पडवीत माझी एकटीची चटई. एकतीस गाणी होती, त्यातल्या नऊ गाण्यांवर ‘चाल स्वतंत्र’. मूळ वहीचा अवतार मात्र बघवत नव्हता. कागद पिवळा, कसरीनं खाल्लेला, कुठं तेलाची बोटं. आणि त्या नऊ गाण्यांच्या पानांवर डाव्या बाजूच्या समासात काळपट रेघाच रेघा. काही वर चढणाऱ्या, काही खाली उतरणाऱ्या, मधे ठिपके, कुठं चंद्रकोर. काजळानं किंवा जळक्या काडीनं काढलेल्या. लहान पोरानं गिरबिटल्यासारखं दिसत होतं. फक्त त्याच नऊ गाण्यांच्या पानांवर का, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पुढं कितीतरी वर्षं मी हाच विचार करत आले. पण पंधराव्या वर्षी माझं सगळं ध्यान वेलांट्या आणि उकारांत होतं.

आणि खरं सांगायचं तर मला अगदीच शंका आली नाही असंही नाही. पहिलं स्वतंत्र चालीचं गाणं उतरवताना मी त्या रेघासुद्धा उतरवल्या होत्या. पोरीला शाळेत घालायचं गाणं होतं ते, ‘पाटी घे गं लेकी हाती, झुंजुमुंजु झालं’ असं सुरू होणारं. पान पुरं झाल्यावर मी वही लांब धरून पाहिली. इतकं देखणं अक्षर आणि कडेला हा पसारा. मला ते पान बघवेना. मी ते फाडलं, दुसरं पान घेतलं आणि नुसते शब्द लिहिले, स्वच्छ. पुढच्या आठ गाण्यांना तर रेघांकडं पाहिलंही नाही. फाडलेलं पान पडवीत पडलं होतं, ते दुसऱ्या दिवशी दिसलं नाही. दादांनी संध्याकाळी माझी वही चाळली, डोळ्यांवरचा चष्मा पुसला आणि म्हणाले, “उस्तादांनी बघायला पाहिजे होतं.” मी ते कौतुक भाकरीबरोबर खाल्लं आणि दोन दिवस पुरवलं.

आठव्या दिवशी दादा, मी आणि लाल वही सास्तूरला गेलो. उस्तादांच्या रानात बांधाजवळ खड्डा खणून ठेवला होता. शेजारी निंबाचं रोप, पाण्याची घागर. वंदना झाली, रक्षेचं गाडगं ठेवलं. उत्तमभाऊंनी वही पांढऱ्या फडक्यात बांधून हातात घेतली. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून आत्या पुढं आली. आठ दिवसांत ती वाळून गेल्यासारखी दिसत होती. तिनं फडक्यावरून वहीवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून विचारलं, “इमल, समदं उतरून घेतलंस का?”

“समदं, आत्या,” मी म्हणाले. “एक अक्षर सुटलं न्हाय.”

तिनं मान हलवली आणि हात काढून घेतला. उत्तमभाऊंनी वही गाडग्यावर ठेवली. माती लोटायला सगळ्यांनी हात लावला, मीही लावला. मी खोटं बोलले नव्हते. अक्षर खरंच एकही सुटलं नव्हतं.

घरी परतल्यावर आत्यानं चूल पेटवली, चहा टाकला आणि हात पुसत पडवीत आली. “दाव बरं तुजी वही,” म्हणाली. मला नवल वाटलं, कारण तिला वाचता येत नव्हतं. तिनं वही मांडीवर घेतली आणि पानं उलटायला लागली. अक्षरावरून तिचं बोट फिरलंच नाही. प्रत्येक पानाच्या डाव्या कडेवरून ते वरून खाली जायचं, पुढच्या पानावर पुन्हा वरून खाली. सातआठ पानं झाल्यावर ती थांबली. “रेघा कुठं हायत?” तिनं विचारलं. मी म्हणाले, कुठल्या रेघा? “कडंच्या,” ती म्हणाली. “काळ्या. म्या काडलेल्या.” चुलीवर चहा उतू जात होता, त्याचा वास आला, पण कुणी उठलं नाही.

मग जे तिनं सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं, दादांकडं बघून, माझ्याकडं न बघता. त्या नऊ चाली तिच्या होत्या. उस्ताद शब्द रचायचे आणि तिला वाचून दाखवायचे. ती जात्यावर, रानात खुरपताना त्याला सूर लावून आणायची. पार्टीत बाई चाल बांधते हे बाहेर सांगायची सोय नव्हती, म्हणून ‘स्वतंत्र’ एवढंच लिहायचं ठरलं. लिहिता येत नाही, तर विसरू नये म्हणून तिनं खुणा ठरवल्या. उस्ताद एकेक ओळ म्हणायचे आणि ती त्या ओळीसमोर काडीनं रेघ काढायची. चढती रेघ म्हणजे आवाज वर, उतरती म्हणजे खाली, ठिपका म्हणजे दम घ्यायचा, चंद्रकोर म्हणजे सूर घोळवायचा, दोन ठिपके म्हणजे कोरसनं उचलायचं. “म्या गाणं सोडलं,” ती म्हणाली, “पर म्हनलं, वहीत हाय. कवाबी रेघांवर बोट फिरविलं की यील. म्हनून तर बिनघोर व्हते.” दादांनी कपाळाला हात लावला. “आक्का, मला तरी सांगायचंस,” ते म्हणाले. “इचारलंस कवा?” आत्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मी उठून आत गेले आणि गाद्यांच्या ढिगामागं बसून रडले.

माय दवाखान्यातून आली तेव्हा घरात असा सुतकी चेहऱ्यांचा मेळा होता. तिनं दादांकडून सगळं ऐकून घेतलं. आम्हाला वाटलं, आता रद्दीच्या नावानं सगळ्यांचा उद्धार होणार. पण ती आपली कापडी पिशवी उपसायला लागली. तिच्यात ती भाकरी नेत असे, आणि चटणी बांधलेला कागद टाकून न देता चूल पेटवायला परत आणत असे. पिशवीच्या तळातून तिनं एक घडी काढली, तेलानं आरपार झालेली, आणि माझ्यापुढं धरली. “हे पडवीत पडलं व्हतं. बघ, त्या रेघा ह्याच का.” ते माझं फाडलेलं पान होतं. शेंगाचटणीच्या तेलात निळी शाई पसरली होती, पण कडेच्या रेघा दिसत होत्या. नऊपैकी एक. आत्यानं ते पान दोन्ही हातांत घेतलं, पहिल्या ओळीसमोरच्या रेघेवर बोट ठेवलं आणि तोंड उघडलं. मी तिचा गाण्याचा आवाज जन्मात पहिल्यांदा ऐकला. जाड होता, थोडा फाटका, आणि वर चढताना कुठंही घाबरत नव्हता. माय दारातच उभी राहिली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. मायला रडताना मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

बाकी आठांसाठी आम्ही ती सगळी सुट्टी घालवली. दुपारी आत्या भाकरीचं पीठ परातीत पसरायची, मी शब्द वाचायची, आणि ती डोळे मिटून पिठात बोटानं रेघ ओढायची. कधी ओढलेली रेघ पुसायची, पुन्हा ओढायची. “आसं न्हाय. हितं खाली जात न्हाय ते.” पटलं की मी ती रेघ नव्या तपकिरी वहीत उतरवायची. या वहीत एकतीसच्या एकतीस गाणी मी पुन्हा लिहिली, या वेळी दोन बोटं समास सोडून. संध्याकाळी दादा पेटी घेऊन बसायचे आणि आत्या गायची तसे सूर काढून सारेगमच्या अक्षरांत लिहायचे. एक गाणं चार दिवसांत आलं. दुसरं लवकर आलं. तिसऱ्याचं धृपद आलं आणि कडवं येईना. मग एकदा चटणी कुटता कुटता ते आपोआप तिच्या तोंडात आलं आणि ती मुसळ टाकून मला हाका मारत पडवीत धावली. असं करत चार आली. उरलेली चार आली नाहीत. आत्या शब्द ऐकायची, बोट पिठावर ठेवायची, आणि बोट तिथंच राहायचं. “हितं काय तरी गोड व्हतं,” ती एकदा म्हणाली. “लई गोड व्हतं. पर काय, ते येत न्हाय.” मी पिठाकडं बघत बसले होते. शाळा सुरू झाली तरी आम्ही रविवारी बसायचो. मग दिवाळीपर्यंत तेही हळूहळू बंद झालं, आणि बंद करू या असं कुणी कुणाला म्हणालं नाही.

त्यानंतर दादांनी एक काम केलं. नोंदवहीच्या प्रत्येक पानावर, मागच्या आणि पुढच्या, त्यांनी पट्टीनं आणखी एक उभी रेघ मारली आणि नवा रकाना केला, ‘चाल कुणाची’. एवढी पानं आखायला त्यांना तीन दिवस लागले. आत्या म्हणाली, “छाप उस्तादाचीच ऱ्हाऊ दे. सबूद त्येंचे हायत.” शब्द त्यांचेच ठेवले. नऊ ठिकाणी नव्या रकान्यात तिचं नाव घातलं, आणि न आलेल्या त्या चार गाण्यांपुढं शेरा लिहायला दादांनी पेन माझ्या हातात दिलं. मी लिहिलं, ‘चाल माझ्या हातून गेली.’ दादांनी वाचलं आणि खोडलं नाही. पुढं ते ज्या ज्या गावात गेले तिथं स्वतंत्र चाल दिसली की घरातल्या बायांना विचारायला लागले. तो रकाना नंतर बराच भरला. पुढं त्र्याण्णवच्या भूकंपात जुनं सास्तूर पडलं, आजूबाजूची गावं पडली, घरांबरोबर किती वह्या गेल्या याची मोजदाद कुणी केली नाही. त्या वेळी माणसंच मोजायची होती. दादांनी आणून ठेवलेल्या तेवढ्या आमच्या ट्रंकांत राहिल्या.

मागच्या वर्षी विद्यापीठातली एक मुलगी या ट्रंकांचे फोटो काढायला आली होती. गुणी आणि चटपटीत पोरगी, मला आवडली. तिच्या मोबाइलमध्ये असं काही होतं की ते पानाच्या कडा आपोआप कापून टाकतं आणि डाग पुसून कागद पांढरा करतं. “बघा मॅडम, किती क्लीन आलं,” असं म्हणून तिनं मला पडदा दाखवला. तपकिरी वहीचं पान होतं, आणि समास नव्हता. मी वही तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. बिचारी घाबरली. मग मी तिला बसवलं, चहा केला आणि हे सगळं सांगितलं. तिनं ती सोय बंद केली आणि सगळी पानं पहिल्यापासून पुन्हा घेतली, तेलाच्या कागदासकट.

आत्या भूकंपानंतर काही वर्षांनी गेली. दादा तिच्या आधी गेले होते. तिची इच्छा होती म्हणून रक्षा सास्तूरला नेली, उस्तादांच्या रानात. रोप लावलं होतं त्याचं चांगलं थोरलं झाड झालं होतं. जुनं गाव पडलं, लोक नव्या वस्तीत गेले, पण बांधावरचा तो निंब जागचा हलला नव्हता. त्याच्या शेजारी खड्डा खणला होता. उत्तमभाऊ आता म्हातारे झाले होते, काठी टेकत आले होते. मी पिशवीत दोन्ही वह्या नेल्या होत्या. पार्टीच्या रीतीनं गाणाऱ्याची वही द्यायची, म्हणजे तपकिरी द्यायला हवी होती, तिच्या बोटांच्या रेघांची. जीपमध्ये बसल्यापासून मी तेच मनात घोळवत होते. खड्ड्याजवळ गेल्यावर मी पांढऱ्या फडक्यात बांधली ती दुसरी, माझी दोनशे पानी, निळ्या शाईची, जिच्यावर एकही डाग नव्हता. तपकिरी वही मला द्यायची नव्हती, आणि हिच्यात मी माझी म्हणून जपलेली सगळ्यात मोठी गोष्ट होती, माझं अक्षर.

उत्तमभाऊंनी फडकं हातात घेतलं, क्षणभर तसंच धरलं, आणि त्यांनाही आठवलं असावं किंवा रीतच तशी असावी, त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, “ताई, समदं उतरून घेतलंय न्हवं?”

“नाही,” मी म्हणाले. “चार राहिल्या.”

त्यांनी मान हलवली. मग वही गाडग्यावर ठेवली आणि आम्ही माती लोटली.